आधी उसळ, मग भात

सणावारी वाढलेल्या मराठी ताटाला डावं-उजवं असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. कराडजवळच्या गावात वाढलेल्या एका शिक्षिकाबाईंना ही मांडणी अक्षरओळखीच्या आधी पाठ झाली. सुरुवात वरणभाताने, शेवट ताकभाताने, आणि पानात काही टाकायचं नाही, ही घरची शिस्त.

लग्नानंतर ताटं वाढणं त्यांच्याकडे आलं. सगळ्यांची जेवणं उरकली की त्या बसायच्या आणि पातेल्यातला उरलेला भात, मुलांनी ठेवलेली अर्धी पोळी संपवायच्या. पन्नाशीला मधुमेह जडला, गुडघे धरले, वजन शंभरीपार गेलं.

पुण्यात त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते केळ्याएवढी नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकही मंदावते. आधी पातळ पेयं, मग घट्टसर, मग कुस्करलेलं, मग मऊ, अशा पायऱ्या चढत काही आठवड्यांनी त्या साध्या जेवणावर आल्या.

ताटाची जागा बशीने घेतली आणि जेवणाचा क्रमच फिरला. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. एवढ्याशा जठरात आधी भात गेला, तर उसळीला जागाच उरत नाही. म्हणून बाई मोड आलेल्या मटकीची मऊ शिजवलेली उसळ आधी खातात, नंतर भाजी, आणि जागा असली तरच चतकोर भाकरी. प्रत्येक घास बारीक चावून. पाण्याचा तांब्या जेवताना जवळ नसतो. पाणी अर्ध्या तासाने, घोटघोट. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या.

खरी कसोटी पुढे लागते. पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन भराभर उतरतं, मग काटा थबकतो आणि काहींचा पुन्हा वर सरकू लागतो. शेव, फरसाण, खारी, गोड चहा लहान जठरातूनही सहज पुढे जातात. पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि दिवसभर तोंड चालू राहतं. बाईंनी म्हणूनच जेवणाच्या वेळा बांधून घेतल्या. मधल्या वेळेला ताक किंवा उकडलेलं अंडं. फरसाणाचा डबा घरात भरणंच बंद केलं.

नुकत्याच एका लग्नात वाढपी जिलबी घेऊन पुढे आला, तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला. वालाची उसळ तेवढी अर्धी वाटी घेतली. यजमानीण आग्रह करायला आली. तिलाही मधुमेह आहे, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि घरच्या जेवणात काय आधी वाढायचं, ते सांगायला सुरुवात केली.