परक्या चित्राला आपला आवाज

चेहरा डोळ्यांना दिसतो. आवाज मात्र थेट मनात उतरतो. १९९३ साली दूरदर्शनवर हिंदी 'मोगली' सुरू झाला, तेव्हा आम्हां दर्यापूरकरांना याचा प्रत्यय आला. मूळ लेखक किपलिंग मुंबईत जन्मलेला, कथा सिवनीच्या रानातली, चित्रे जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! रविवारी सकाळी मिस्सा आटोपली की मुलांना घर गाठण्याची कोण घाई! मेळघाटच्या वाघांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या त्या मुलांना नानांचा खरखरीत, दबका स्वर परका वाटलाच नाही. जपानी वाघ त्या एका आवाजाने आमच्या मुलखातला झाला.

दुसऱ्या भाषेतला आवाज चित्राला देणे हे कष्टाचे काम आहे. चित्रातले ओठ जितका वेळ हलतील तितक्याच वेळात वाक्य बसवावे लागते. जपानी वाक्यात आपल्या मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते आधीच येऊन जाते. त्यामुळे इंग्रजी संवाद लिहिणाऱ्याला वाक्याची सारी घडी नव्याने घालावी लागते.

गेल्या नाताळच्या सुट्टीत माझ्या भाचीने मला असाच एक जपानी चित्रपट इंग्रजी आवाजात दाखविला. 'अ सायलेंट व्हॉइस' हे त्याचे इंग्रजी नाव. नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जपानमध्ये २०१६ साली प्रदर्शित झाला. शोको ही कर्णबधिर मुलगी नव्या शाळेत येते. वर्गातला शोया तिला इतका छळतो की अखेर तिला शाळा सोडावी लागते. पुढे काही वर्षांनी तोच शोया खुणांची भाषा शिकून तिच्यासमोर उभा राहतो.

एका प्रसंगी शोको खुणा बाजूला ठेवून तोंडाने बोलू पाहते. जपानी भाषेत 'सुकी' म्हणजे आवडणे आणि 'त्सुकी' म्हणजे चंद्र. ती आपले प्रेम सांगते. शोयाला मात्र ती चंद्राविषयी बोलते आहे असे वाटते. हा शब्दांचा योग इंग्रजीत जुळत नाही. तिथे सारा भार बोलणारीच्या अस्पष्ट उच्चारावर येऊन पडतो.

तो उच्चार मला विलक्षण खरा वाटला. तसे मी बोलून दाखविताच भाची म्हणाली, "मामा, हा आवाज लेक्सी मार्मन हिचा आहे. ती स्वतः कर्णबधिर आहे."

मी क्षणभर निःशब्द झालो. मूळ जपानी चित्रपटात ही भूमिका साओरी हायामी या ऐकू येणाऱ्या अभिनेत्रीने केली आहे. इंग्रजीत मात्र, ज्या बोलण्याला जग 'अशुद्ध' म्हणून हसते तेच बोलणे नायिकेच्या मुखी दिले गेले. तिची नक्कल कुणी केली नाही. ती स्वतःच बोलली. शोकोच्या हातांच्या खुणा मात्र पडद्यावर जपानीच राहिल्या.

मी अनेक वर्षे शिक्षक होतो. पहिलीतले मूल 'मले', 'तुले' म्हणत वर्गात येते. मग कुणीतरी हसते आणि त्या दिवसापासून ते मूल हात वर करीनासे होते. तोतरे बोलणाऱ्याची, घोगऱ्या आवाजाच्या मुलीचीही तीच गत. स्नेहसंमेलनाच्या नाटकात अशा मुलांना आपण झाड करतो किंवा पडदा ओढायला लावतो. वाक्ये मिळतात ती स्वच्छ बोलणाऱ्यांना.

प्रमाण भाषा मुलांना यायलाच हवी. तिच्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत. पण ती शिकविण्यासाठी घरची बोली मुकी करण्याची गरज नाही. आवाज गुळगुळीत असला म्हणजेच तो ऐकण्याजोगा होतो असे नाही. शेरखानचा स्वर खरखरीत होता, शोकोचा अस्पष्ट. दोन्ही लोकांनी मन लावून ऐकले.

येत्या संमेलनात एखादे तरी मुख्य पात्र वऱ्हाडीतून बोलू द्यावे आणि ते वाक्य, आजवर जे मूल पडद्याची दोरी धरून उभे राहिले, त्याच्या वाट्याला यावे.