उपाशी झोपू द्यायची नाही

एसटी स्टँडच्या मागे मामांची पत्र्याची शेड होती. १९७८च्या उन्हाळी सुट्टीत मी तिथे पहिल्यांदा हाताखाली राहिलो. फळीवर ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या काळ्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत. एकीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडलेलं, आणि कोपऱ्यात रेक्टिफायरची घुमघुम. चार्जिंग संपत आलं की बॅटरीच्या प्रत्येक घरातून, म्हणजे सेलमधून, बुडबुडे येत. तो हायड्रोजन, म्हणून बिडी पेटवलेल्या गिऱ्हाइकाला मामा उंबऱ्याबाहेरच थांबवत. ॲसिडचा थेंब उडाला की सदऱ्याला भोक ठरलेलं. माझा एकही सदरा त्यातून वाचला नाही.

मामांनी पहिला धडा दिला तो हायड्रोमीटरचा. रबरी फुगा दाबायचा, काचेच्या नळीत ॲसिड ओढायचं आणि तरंगणाऱ्या काट्यावरचा आकडा वाचायचा. १२५० आला की बॅटरी भरली, ११५०च्या खाली गेला की उतरली. सहा घरांपैकी एकाचाच आकडा मागे राहिला, तर मामा त्या घरावर खडूने खूण करत. "बॅटरी उपाशी झोपू द्यायची नाही," हे त्यांचं वाक्य. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, आणि ते घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाहीत.

पुढे १९९०च्या दशकात पुण्यातल्या एका गोल्फच्या मैदानावर गाड्यांची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा हेच वाक्य कामी आलं. या गाड्यांच्या बॅटऱ्या दिसायला मोटारीसारख्या, पण जात वेगळी. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू होईपर्यंत काही सेकंद जोर लावते, म्हणून तिच्या प्लेटा पातळ. गोल्फच्या गाडीला अठरा होलची फेरी तासन्‌तास ओढायची असते, म्हणून जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी लागते. आमच्या गाड्या ३६ व्होल्टच्या होत्या: बैठकीखाली ६ व्होल्टच्या सहा. एक गेली म्हणून एकच नवी घातली, तर ती नवीसुद्धा लवकर थकायची. थकलेल्या बैलाशेजारी तरणा खोंड जुंपला, तरी औत थकलेल्याच्याच चालीने चालतं. म्हणून सहाही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच वयाच्या बदलायच्या, हा नियम आम्ही कधी मोडला नाही.

संध्याकाळी शेवटची गाडी आली की चार्जर लागत आणि ते रात्रभर चालत. सकाळी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी थोडं, त्या बुडतील इतकं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, कोरडं करून वर व्हॅसलीन लावायचं. उन्हाळ्यात पाणी भराभर उडे. तेव्हा दर आठवड्याला प्रत्येक घराचं बूच उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे.

आता गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांच्या शेडमध्ये ॲसिडचा वास नाही. ४८ व्होल्टच्या नव्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचा एकच डबा असतो, शिशाच्या संचाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या वजनाचा. त्याला पाणी नको, बूच नाही. आतलं सर्किट प्रत्येक सेलवर नजर ठेवतं आणि काही बिघडलं तर प्रवाह तोडतं. गाडी काही तासांत भरते, आणि योग्य वापर असेल तर शिशाच्या बॅटरीच्या कितीतरी पट फेऱ्या करते. हायड्रोमीटरचं काम आता पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा करतो. मामांच्या वाक्यालाही इथे मुरड घालावी लागते: बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर लिथियमला अर्धपोटीच ठेवलेलं मानवतं.

ते दिवस मला आठवतात, पण सदऱ्यांची भोकं आणि पाठीची दुखणी परत यावीत असं वाटत नाही. हळहळ वाटते ती एवढीच, की नव्या मुलांचा हात बैठकीखाली जात नाही. सैल झालेला जोड शिशाच्या काळातही तापायचा आणि आजही तापतो.

गाडी रोज चालत असेल तर पैसे साठवून लिथियमच घ्या, आणि तिला तिचाच चार्जर लावा. शिशाचा जुना चार्जर चालणार नाही. बजेट कमी असेल आणि पाणी बघणारं माणूस असेल, तर शिशाची बॅटरी आजही इमानाने चालते. जुनी कोणतीही असो, ती भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्या. जुन्या बॅटऱ्यांबद्दलच्या २०२२च्या नियमांत आता लिथियमही आलं आहे. आणि बॅटरी कुठलीही घ्या, महिन्यातून एकदा बैठक उचलून आत स्वतः बघा.