बिंगहॅम कप: खांद्याला खांदा लावून

आपल्या हुबळी-धारवाडात क्रिकेट आहे, कबड्डी आहे, कुस्तीचं वेडही जुनं आहे. रग्बी मात्र आपण फार तर टीव्हीवर पाहतो. माझी या खेळाशी ओळख झाली ती ऑफिसमुळे. आमच्या टीममधला लंडनचा एक सहकारी 2024 मध्ये रजेवर जाताना कॉलवर सहज म्हणाला, “रोमला बिंगहॅम कप खेळायला चाललोय. समलिंगी खेळाडूंच्या संघांची स्पर्धा असते.” सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या आणि कामाचं बोलणं सुरू झालं. मी मात्र त्या रात्री या कपाचा इतिहास वाचत बसलो.

ज्याच्या नावाने हा कप आहे, तो मार्क बिंगहॅम 1970 साली जन्मला. आईने, ॲलिस होगलंड यांनी, त्याला एकटीने वाढवलं. उंचापुरा मार्क कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या तगड्या रग्बी संघातून खेळला. पण आपण समलिंगी आहोत हे मैदानावर उघड करणं त्याला अवघड वाटे. लंडनमध्ये 1995 साली ‘किंग्ज क्रॉस स्टीलर्स’ हा समलिंगी खेळाडूंचा पहिला रग्बी क्लब निघाला होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत ‘फॉग’ नावाचा क्लब सुरू झाला आणि मार्क त्यात खेळू लागला. 2001 मध्ये फॉगला तिथल्या रग्बी संघटनेत रीतसर प्रवेश मिळाला, तेव्हा त्याने क्लबमधल्या मित्रांना आनंदाने ईमेल लिहिली. आपल्या आयुष्याच्या दोन बाजू आता एकत्र येत आहेत, असा तिचा सूर होता.

त्यानंतर काही आठवड्यांतच 11 सप्टेंबर उजाडला. मार्क ‘युनायटेड 93’ या अपहृत विमानात होता. त्याने आईला फोन केला आणि गडबडीत स्वतःच्या आईलाच आपलं पूर्ण नाव सांगितलं. प्रवाशांनी अपहरणकर्त्यांवर चाल केली. त्यांत मार्कही होता, असं मानलं जातं. विमान पेनसिल्व्हेनियातल्या एका माळावर कोसळलं. मार्क 31 वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, त्याच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत आठ संघांची स्पर्धा झाली आणि ती फॉगनेच जिंकली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी हा कप होतो. लंडन, न्यूयॉर्क, डब्लिन, मँचेस्टर, सिडनी अशा शहरांत तो फिरला. कोविडमुळे ओटावाची 2020 ची स्पर्धा 2022 मध्ये झाली. या संघांत समलिंगी नसलेले खेळाडूही खेळतात. ॲलिसताई 2020 मध्ये वारल्या. तोवर लेकाच्या नावाच्या या स्पर्धेशी त्यांनी नातं जपलं.

मला सर्वांत भावलं ते सिडनीचं. 2014 च्या स्पर्धेच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेट, फुटबॉल, रग्बी अशा मोठ्या खेळांच्या प्रमुखांनी समलिंगी खेळाडूंविरुद्धचा भेदभाव थांबवण्याचं लेखी वचन दिलं. त्याच आयोजकांच्या पुढाकारातून झालेला एक आंतरराष्ट्रीय अभ्यास 2015 मध्ये आला. त्यात 80 टक्के लोकांनी सांगितलं की खेळात असा द्वेष आम्ही पाहिला किंवा सोसला आहे.

‘पण वेगळी स्पर्धा कशाला? सगळ्यांबरोबर खेळावं की!’ असं कुणी म्हणेल. मला आमच्या शाळेचं मैदान आठवतं. कबड्डीत साखळी धरायची तर शेजाऱ्याचा हात घट्ट धरावा लागतो. रग्बीत तर आठ-आठ जण एकमेकांना खांदे भिडवून रेटतात. इतक्या जवळिकीच्या खेळात ‘बायल्या’ ही शिवी सर्रास ऐकू येते. ती ज्याला रोज ऐकावी लागते, तो भांडत नाही. एक दिवस तो मैदानावर यायचा थांबतो आणि बाकीचे म्हणतात, त्याला खेळाची आवडच नव्हती. अशांना परत मैदानावर आणायला कुठेतरी सुरुवात करावी लागते. बिंगहॅम कप ही ती सुरुवात आहे.

आपण सीमाभागातली माणसं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. दोन जगांत वावरणं आपल्याला नवं नाही. पण आपल्याला त्यातलं एकही जग लपवावं लागत नाही. बाजारात कन्नड बोलून घरी येताना कुणाला धाकधूक होत नाही. मार्कला मात्र वर्षानुवर्षं एक जग झाकून खेळावं लागलं.

आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. कायदा बदलला, पण मैदानावरची शिवी न्यायालयाला थांबवता येत नाही. ती आपणच थांबवायची. मंडळाच्या सामन्यांत आपण चुकीच्या चढाईला शिट्टी मारतो, तशी या शिवीलाही मारावी, एवढंच माझं मागणं आहे. एखादा मुलगा त्यामुळे पुढच्या रविवारीही खेळायला येईल.