हिऱ्याचे पाणी

लग्नघरी दागिन्यांचा विषय निघाला म्हणजे सोन्याची पारख सांगणारे दहा जण पुढे येतात. कस लावावा, वजन करावे, हिशेब मांडावा. सोन्याचा व्यवहार सरळ असतो. हिऱ्याची गोष्ट निघाली की मात्र सारे सराफाच्या तोंडाकडे पाहू लागतात. ‘किती कॅरटचा?’ एवढा एकच प्रश्न आपणांस ठाऊक असतो, आणि आमच्या मते सर्वांत शेवटी विचारावयाचा प्रश्न तोच आहे.

कॅरट हे केवळ वजन होय. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. नीट घडविलेला एक कॅरटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद भरतो. तोच खाली अकारण खोल ठेवला, तर वजन पोटात दडते आणि तोंड लहान राहते. पैसे मात्र दडलेल्या वजनाचेही मोजावे लागतात.

हिऱ्याचे दोष आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिले होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला असून कावळ्याच्या पायासारखी, माशीसारखी वा केसासारखी खूण असलेले खडे त्याने सदोष ठरविले आहेत. आज हेच काम दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने होते. परंतु जो डाग भिंगाखाली कष्टाने सापडतो, तो कानातल्या खड्यात कोणास दिसणार? रंगाचेही तसेच. ‘डी’पासून ‘झेड’पर्यंतच्या श्रेणीत पहिली अक्षरे अगदी शुभ्र हिऱ्यांची, पण पिवळ्या सोन्याच्या कोंदणात किंचित पिवळसर झाक लपून जाते. तेथे ‘डी’साठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

पैलूंचे मात्र तसे नाही. वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर योग्य कोनात आदळला, तरच परत वर येतो. खडा फार उथळ वा फार खोल असेल, तर प्रकाश तळातून निसटतो आणि मधोमध मंद, काळपट छाया राहते. निर्मळ, शुभ्र हिराही अशा घडणीने निस्तेज होतो. म्हणून जेथे हात आखडावयाचा तेथे वजनात आखडावा, घडणीत नव्हे.

गेल्या वर्षी आमच्या घरी कन्येसाठी कुड्या करावयाच्या होत्या. आमच्याकडील कुडीत सात हिरे. म्हणजे दोन कानांचे चौदा खडे एका पाण्याचे हवेत. कित्येक वर्षे बाजूला टाकलेल्या पैशांचा तो प्रश्न होता, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह खडे ठसठशीत असावेत असा होता. पेढीवरील प्रखर दिव्यांखाली सारेच खडे लखलखत होते. आम्ही ते पांढऱ्या कागदावर पालथे ठेवून दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहिले. तीन खडे उघड पिवळे निघाले आणि एकाच्या पोटात छाया दिसली. शेवटी आम्ही थोडे लहान, पण चौदाही सारख्या तेजाचे खडे घेतले. आजीबाई दोन दिवस रुसल्या; जत्रेच्या रात्री समईच्या उजेडात नातीचे कान पाहून त्यांचा रुसवा गेला. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मुलखातील व्यापारीही रात्री भिंतीतील कोनाड्यात दिवा ठेवून त्याच्या उजेडात हिऱ्याचे पाणी जोखीत, असे ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे.

खरा हिरा घणाने फुटत नाही, ही समजूत अजून घरोघर आहे. तिची परीक्षा कोणी पाहू नये. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने हिरा हातोडीने सहज फुटतो असे स्पष्ट म्हटले होते. हिऱ्यावर दुसरा हिराच ओरखडा काढू शकतो हे खरे. पण ठरावीक दिशांनी घाव बसला तर तो दुभंगतो. कठीणपणा निराळा आणि चिवटपणा निराळा.

आता प्रयोगशाळेत वाढविलेले हिरेही बाजारात आले आहेत. अमेरिकेत १९५४ च्या अखेरीस हे तंत्र साधले. असा हिरा खोटा नव्हे. तोही शुद्ध कार्बनच, आणि नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. परंतु अलीकडे त्याचा भाव फार उतरला आहे. तो घेण्यात कमीपणा नाही; खाणीतला म्हणून विकण्यात मात्र फसवणूक आहे. म्हणून मान्यवर प्रयोगशाळेचा दाखला मागावा, आणि खड्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असल्यास तो दाखल्याशी भिंगातून ताडून पाहावा. दाखला मागणे हा सराफाचा अपमान नव्हे. प्रामाणिक सराफ तो आपण होऊन पुढे करतो.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. ‘हिरे फिके पडले’ म्हणून जुन्या कुड्या मोडावयास निघण्यापूर्वी त्या कोमट साबणाच्या पाण्यात मऊ कुंचल्याने धुऊन पाहाव्यात. हिऱ्याला तेलाची ओढ फार, आणि आपल्याकडे केसांना खोबरेल रोजचे. पुष्कळदा आजीच्या हिऱ्याचे पाणी गेलेले नसते. ते तेलाच्या थराखाली झाकलेले असते.