दीड वेढा

१७० किलोचा रॉड गुडघ्याच्या वर आला आणि उजव्या हाताची करंगळी उघडली. पाठोपाठ अनामिका. पाठ शाबूत होती, मांड्यांत दम होता, पण रॉड हातातून गळाला आणि प्लेटा जमिनीवर आदळल्या. वस्ताद कोपऱ्यातून म्हणाले, "अंगात ताकद हाय रं तुझ्या, बोटांत न्हाई." ही त्या महिन्यातली पाचवी की सहावी वेळ असेल.

इचलकरंजीत मी मागाच्या कारखान्यात जॉबर आहे. बंद पडलेला माग खोलायचा, दुरुस्त करून चालू करून द्यायचा. हाताला दिवसभर तेल. संध्याकाळी साबणाने तीन वेळा हात धुऊन व्यायामशाळेत गेलं तरी तळव्याच्या रेघांत ते राहतंच. खडूची पूड, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, चोळली की घाम शोषला जातो, तेल नाही. तेलावर तिचा चिखल होतो.

तसे उपाय होते. एक पंजा उलटा, एक सुलटा धरायचा. रॉड एका हातातून गडगडायला लागला की दुसरा अडवतो. पण उलट्या हाताच्या दंडावर वेडावाकडा ताण येतो, आणि डेडलिफ्टला, म्हणजे रॉड असा जमिनीवरून उचलताना, दंडाचा स्नायू फाटतो तो बहुतेक त्याच हाताचा. माझा डावा दंड दोनदा धरला, तेव्हा ते सोडलं. दुसरा उपाय हुक ग्रिपचा. अंगठा रॉडला लावून बोटांखाली दाबायचा. वेटलिफ्टिंगवाले असंच धरतात. आमच्या शेजारच्या कुरुंदवाडच्या ओंकार ओतारीने २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ६९ किलो गटात कांस्य आणलं, सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ ला बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात रौप्य. स्पर्धेत रॉडला पट्टा बांधता येत नाही. ही पोरं अंगठ्याची कातडी घासून शिकलेली. मी महिनाभर केलं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आणि ताण्याचा तुटलेला धागा जोडायला बसलो तर गाठ बसेना. पोट मागावर चालतं, रॉडवर नाही. तेही सोडलं.

मग एका रविवारी गावी म्हशीला इंजेक्शन द्यायचं होतं. डॉक्टर आले, म्हैस बिथरली. आबांनी दाव्याचे खुंटाला दोन वेढे मारले आणि मोकळं टोक दोन बोटांत धरून डॉक्टरांशी पावसाबद्दल बोलत उभे राहिले. म्हैस पाचशे किलोची तरी असेल. ती हिसके देत होती आणि सत्तरीचे आबा दोन बोटांत तिला धरून होते. लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं दृश्य, पण त्या दिवशी मी डॉक्टरांची पिशवी धरायची विसरून खुंटाकडेच बघत राहिलो.

डिप्लोमा करणाऱ्या पुतण्याने नंतर हिशोब करून दाखवला. घर्षणाचा आकडा ०.३ धरला तर दोरीचा एक पूर्ण वेढा साडेसहापट ओढ पेलतो, दोन वेढे त्रेचाळीसपट. वेढे वाढले की बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग शाळंत काय वेगळं शिकवत्यात?"

घरी जुन्या खाटेची सुती नवार होती. दीड इंच रुंदीची. तिचं एक टोक दुमडून फासा शिवला, मनगटात अडकवला आणि उरलेलं टोक रॉडला दोन वेढे गुंडाळलं. १५० किलोला मस्त. १६५ ला नवार सैल पडली आणि रॉड निसटला. मी दोष नवारीला दिला. सुती ती, मऊ, तिच्यात काय जोर. आमच्या धंद्यात धोटा फेकणाऱ्या काठीला पिकिंगचा पट्टा असतो, चामड्याचा, दिवसभर झटके खाणारा. कारखान्यातला टाकून दिलेला एक मालकांना विचारून आणला आणि घरी बसून दाभणाने शिवला. १७० किलो निघाला. वस्ताद काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते.

१८० ला पट्टा शिवणीवर फाटला. रॉड कमरेजवळ आला होता, मी मागे रेलून उभा होतो आणि एक हात एकदम मोकळा झाला. पडलो तो मागे रचलेल्या प्लेटांच्या कडेवर, माकडहाडावर. तीन आठवडे उशीवर बसलो. बायको रोज एक वाक्य ऐकवायची, ते इथे लिहीत नाही.

फाटलेला पट्टा चपला शिवणाऱ्या मामांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि हसले. मी आडव्या एका ओळीत, अगदी जवळजवळ टोचे मारले होते. "भोकांची रांग करून ठेवलीस, फाडायला खूण केल्यागत," ते म्हणाले. ओढ ज्या दिशेला, तिला आडवी एकच ओळ मारायची नाही. चौकोन शिवायचा आणि त्याच्या पोटात फुली. म्हणजे ओढ चारी बाजूंत वाटली जाते. त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने समोरच करून दाखवलं, पैसे घेतले नाहीत.

खरी चूक मात्र शिवणीची नव्हती. ती पडल्या पडल्या कळली. एका दुपारी लाटण्याला टॉवेलची पट्टी गुंडाळून चाळा करत होतो. बोटं लाटण्यावरून पलीकडून खाली जाऊन अलीकडे वळतात. मी पट्टीही त्याच दिशेने गुंडाळत होतो. साहजिक वाटतं तसंच. पण बोटं उघडायला लागली की लाटणं ज्या बाजूला फिरतं, त्या बाजूला पट्टीही उलगडते. उलट गुंडाळली, अलीकडून खाली घालून पलीकडून वर, तर लाटणं निसटायला जितकं फिरेल तितकी पट्टी आवळत जाते. नवार सैल का पडली होती ते तेव्हा उमगलं. तिला उगाच बोल लावला होता. पिकिंगचा पट्टासुद्धा त्याच चुकीच्या दिशेने गुंडाळला होता, फक्त ताठ चामड्यामुळे ते झाकलं गेलं. मी लाटणं घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, ओढ. तिने ओढलं. निघालं नाही. "पोळ्या करायच्यात," ती म्हणाली.

मग पुन्हा नवारच घेतली. ती घाम पिते. नायलॉन घामाने निसरडं होतं. मनगटाला काचू नये म्हणून आतून मऊ चामड्याचा तुकडा, शिवण मामांच्या पद्धतीची, लांबी बावीस इंच. दोन वेढ्यांनी हातात जाड गाठोडं होतं, मूठ मिटत नाही आणि सोडायला वेळ लागतो. एक वेढा कमी पडतो. दीड बरोबर बसला. शेपटाचं टोक तिरकं कापलं, त्यामुळे ते न बघता रॉडखालून सरकवता येतं. त्या पट्ट्याने १८५ किलो उचलला आणि सावकाश खाली ठेवला.

पेटंट घ्यायचं डोक्यात आलं होतं. पुतण्याने फोन पुढे केला. जगभरच्या व्यायामशाळांत असले पट्टे कधीपासून आहेत. इंग्लंडच्या एडी हॉलने २०१६ साली लीड्समध्ये ५०० किलोची डेडलिफ्ट मारली ती हाताला पट्टे बांधूनच. दिशाही तीच. वेढेही साधारण तेवढेच. नवं नसलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही, एवढं मलाही कळतं. वाईट वाटलं का? एक संध्याकाळ वाटलं. तिरकं टोक तेवढं माझं, असं मी अजून म्हणतो, आणि पुतण्या अजून मान हलवतो.

आता आमच्या व्यायामशाळेतली पोरं माझ्याकडून पट्टे नेतात, नवारीचा आणि दोऱ्याचा खर्च देऊन. दोन अटी आहेत. १४० किलोच्या आत पट्टा मागायचा नाही, नाहीतर बोटं कायमची कच्ची राहतात. आणि क्लीन मारताना, म्हणजे रॉड झटक्यात खांद्यावर घेताना, तो कधीच बांधायचा नाही, कारण तिथे मनगट एकदम उलटं फिरतं आणि रॉड टाकून द्यायची वेळ आली तर हात अडकून मोडतो. तुम्ही घरी शिवणार असाल तर चौकोन आणि आत फुली, एवढं करा. आणि महिन्यातून एकदा टाके उजेडात धरून बघा.