आमचें साम्राज्य

वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं आम्ही साम्राज्य स्थापावयास निघालों आणि चाळिसाव्या पाळीच्या आंतच लुटले गेलों. वाचकांनीं आमच्या प्रकृतीविषयीं शंका घेऊं नये. हें राज्य 'सिव्हिलायझेशन' नांवाच्या संगणकावरील खेळांतलें. सिड मायर व ब्रूस शेली यांनीं रचलेला या मालिकेंतला पहिला खेळ १९९१ सालीं निघाला, सातवा २०२५ सालीं. आमच्या वांट्यास आला तो २०१६ चा सहावा.

गणित शिकविणें हा आमचा व्यवसाय. नववींतल्या भाच्याचें बीजगणित सुधारावें म्हणून ताईनें त्याला सुटींत आमच्याकडे धाडलें. पंधरा दिवसांत आमचा आवाज चढत गेला, त्याची मान खालीं जात गेली, आणि शेवटीं बोलणेंच खुंटलें. क्ष दुसऱ्या बाजूस गेला कीं चिन्ह कां बदलतें, हें त्यानें तिसऱ्यांदा विचारलें तेव्हां आम्हीं वही मिटली होती. पुढें एके रात्रीं अबोला असह्य होऊन आम्हींच म्हटलें, "तुझा तो खेळ मला शिकव बरं."

ख्रिस्तपूर्व ४००० हें साल. हातीं एक वसाहतकार व एक योद्धा. सारी भूमि षट्कोनी घरांची, आणि पाळ्या ५००! बुद्धिबळांत आम्हांस थोडी गति आहे. त्या घमेंडींत आम्हीं राजधानी ऐसपैस मैदानांत, नदीपासून दूर वसविली. गोडें पाणी जवळ असेल तर शहरांत ५ वस्तीची सोय होते, पाणीच नसेल तर २ ची. राजवाड्यामुळें एकाची भर पडते, इतकेंच. शहर वाढेना. त्यांत नवा वसाहतकार धाडावा तर एक नागरिक कमी होतो. इतक्यांत रानटी टोळीचा एक टेहळ्या वेशीशीं येऊन गेला. एकटा जीव काय करणार, म्हणून आम्हीं त्यास सोडलें. तो छावणीस पोंचला कीं धाड येते, हें आम्हांस कोठून ठाऊक! आमचा योद्धा दूर डोंगर पाहत हिंडत होता. शेतें उध्वस्त झालीं, वसाहतकार धरून नेला.

आतां "इतकंही कळत नाहीं?" हें ऐकावें लागणार, म्हणून आम्ही खालीं पाहत बसलों. वाक्य आमचेंच होतें.

"मामा, पहिल्यांदां सगळ्यांचं असंच होतं," भाचा म्हणाला. "तो टेहळ्या कुठून परत गेला, आठवतं?"

त्यानें माउसला हात लावला नाहीं. गोफणवाल्याकडून एक शत्रु मारविला कीं धनुर्विद्या लवकर साधते, हें त्यानें सांगितलें. मारावयाचें काम आमच्यावर सोपविलें. नागरिक नाखूष कां होतात, हें आम्हीं चार रात्रींत तीनदां विचारलें. तिसऱ्या वेळीं तो क्षणभर थांबला. आम्हांस ती वही आठवली; त्यालाहि आठवली असावी. मग त्यानें पहिल्यापासून समजावून सांगितलें.

सकाळीं चहापूर्वीं आम्हींच वही उघडून ठेविली. तो आला, कांहीं बोलला नाहीं, पण खुर्ची जवळ ओढून बसला. क्ष ला दहा वाजले.

आमच्या नव्या राज्यांत अद्याप दोनच शहरें आहेत. दोन्ही नदीकांठीं.