टकळी

माझ्याकडे आजोबांची टकळी आहे. पितळेची चकती, तिच्यातून गेलेली पोलादी काडी, काडीच्या टोकाला धागा अडकवायची बारीक खाच. कळंबजवळच्या आमच्या गावाहून आजोबा १९४० साली विनोबांना ऐकायला पवनारला गेले होते, तेव्हा येताना त्यांनी ती वर्ध्याच्या बाजारातून आणली.

त्या वर्षी १७ ऑक्टोबरला विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडलं होतं. शाळेच्या पुस्तकात हा सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्याची एक पायरी म्हणून दोन ओळींत येतो आणि त्याचा विषय काय होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. विषय युद्ध होता. या युद्धाला आम्ही माणूस देणार नाही, पैसा देणार नाही, एवढं चारचौघांत उभं राहून सांगायचं आणि पोलीस येतील तेव्हा त्यांच्याबरोबर जायचं. विनोबांना चार दिवसांनी अटक झाली. पुढच्या काही महिन्यांत वीस हजारांहून जास्त माणसं तशीच तुरुंगात गेली. आजोबा गेले नाहीत. घरी लहान भावंडं होती आणि शेत होतं. ते सूत कातत राहिले. संध्याकाळी ओसरीवर बसून कातायचे, बोलणं अगदी कमी.

मला कातायला त्यांनीच शिकवलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सूतकताईचा तास होता, पण तिथे गुरुजींचं लक्ष सुताची गुंडी भरते की नाही याकडे. आजोबांचं लक्ष हाताकडे असायचं. डाव्या चिमटीत कापसाचा पेळू धरायचा, उजव्या हातानं टकळीला गिरकी द्यायची आणि डावा हात सावकाश वर न्यायचा. पीळ जास्त झाला तर धागा तटकन तुटतो, कमी पडला तर कापूस नुसताच सुटून येतो. घाई केलेली टकळीला चालत नाही. सासरी आले तेव्हा ती माझ्या पेटीत होती. शिक्षिकेची नोकरी लागली आणि ती बरीच वर्षं पेटीतच राहिली. निवृत्तीनंतर बाहेर काढली, पितळ चिंचेनं घासलं आणि पुन्हा कातायला लागले.

म्हणूनच ६ ऑगस्ट २०२५ ला, हिरोशिमावर बॉम्ब पडल्याला ८० वर्षं झाली त्या दिवशी, यवतमाळच्या तिरंगा चौकात युद्धाच्या विरोधात दिवसभर बसायचं ठरलं तेव्हा मला निरोप आला. काही सर्वोदयी मंडळी, दोन-चार शिक्षक आणि कॉलेजातली मुलं होती. उपवास करायचा, सूत कातायचं, येणाऱ्याशी बोलायचं, इतकाच कार्यक्रम. माझ्याकडे काम होतं सतरंज्या घालायचं, पाण्याच्या कॅनवर लक्ष ठेवायचं, वहीत नावं लिहून घ्यायचं आणि ज्याला हवं त्याला टकळी शिकवायचं. सकाळीच पाऊस आला. ताडपत्रीत पाणी साचून ती पोटासारखी फुगली, आणि मुलं खालून काठीनं ते पाणी ढकलत राहिली.

सुरुवात सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेनं झाली. त्या प्रार्थनेच्या आरंभी एक जपानी बौद्ध मंत्र आहे. तो तिथे कसा आला हे मी मुलांना सांगितलं. गांधीजींच्या आश्रमात एक जपानी भिक्षू राहत होता, हातातली लहान डफली वाजवत रोज तो मंत्र म्हणायचा. जपान युद्धात उतरला आणि इंग्रज सरकारनं त्याला पकडून नेलं. पुढे जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी लोकांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. तुमच्या आक्रमणाला आमचा पक्का विरोध आहे, असं त्यात बजावलं, आणि त्याच पत्रात या भिक्षूची आठवण काढली: तो गेला, पण त्याची प्रार्थना आणि त्याची ती छोटी डफली आमच्याकडे आहे, आमची प्रार्थना तिच्यावरच सुरू होते. ज्या देशाशी युद्ध चाललंय त्या देशातल्या माणसाची प्रार्थना आपल्या प्रार्थनेत पहिली ठेवायची, यापेक्षा मोठा युद्धविरोध मला माहीत नाही.

तिरंगा चौकातला मंडप म्हटलं की माणसं पीककर्ज, विमा, मानधन असंच काही गृहीत धरतात. दुपारी एक शेतकरी काका युरियाची थैली बाजूला ठेवून टेकले.

"बाई, हे कर्जमाफीचं हाय का?"

"नाही काका, लढाईच्या विरोधात बसलोय."

"कोनत्या लढाईच्या?"

गाझातल्या, युक्रेनमधल्या, आपल्या सीमेवरच्या, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातला पेळू मागून घेतला. बोटांनी तंतू ओढून त्याची लांबी पाहिली. कापसाच्या माणसाचा हात लगेच ओळखू येतो. मी टकळी दिली. धागा तुटला, पुन्हा तुटला, मग हातभर निघाला.

"सारी जिंदगी कापूस पेरला," ते म्हणाले. "पेरतो, येचतो, जिनिंगले नेऊन घालतो. फुडं त्याचं काय होते, ते कोन पाहाले जाते?"

ते उठून गेले, पण त्यांचा प्रश्न दिवसभर माझ्याबरोबर राहिला, कारण पुढे त्याचं काय होतं याची थोडी माहिती मला आहे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीच्या रानात कापूस चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, पण ज्वारीचं गेलेलं रान पुरतं परत आलं नाही. पुढे याच कापसासाठी यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला ही आगगाडी धावू लागली. कापसातूनच स्फोटक करता येतं, हे तर १८४६ पासून ठाऊक आहे. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की कापसाची गनकॉटन होते आणि तिच्यापासून बिनधुराची दारू बनते. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१५ मध्ये, इंग्लंडनं कापसालाच युद्धसामग्री ठरवलं आणि जर्मनीकडे जाणारा कापूस अडवला. सरकीला चिकटून राहणारी जी लव आपण फुंकून टाकतो, तीही या कामी येते. युद्ध फार लांब असतं असं यवतमाळात बसून म्हणता येणार नाही.

लांब तर नाहीच. यवतमाळ आणि पवनार यांच्या मध्ये, वर्धा नदीपलीकडे पुलगावचं दारूगोळा भांडार आहे, देशातलं सर्वांत मोठं. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली. विझवायला गेलेले अग्निशमन कर्मचारी आणि लष्करी अधिकारी मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ ला जवळच्या सोनेगाव आबाजीच्या शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. सहा जण मेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते, रोजीनं कामाला गेलेले. कुठलीही लढाई चालू नव्हती तेव्हा. त्यांना हुतात्मा म्हणायचं की अपघाती मृत, हे ठरवण्याच्या भानगडीतही कुणी पडलं नाही.

संध्याकाळी कॉलेजातल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, आपल्याला कोणी देशद्रोही म्हटलं तर?" मी त्याला फेब्रुवारी २०१९ सांगितला. पुलवामात आपले जवान मारले गेले, साऱ्या जिल्ह्याला हुंदका आला, आणि त्याच आठवड्यात याच शहरात शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना मारहाण झाली. पोरं होती ती, त्याच्याच वयाची. बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान पुलवामात मारले गेले होते. त्यांच्या आईबापांच्या दुःखाशी त्या मारहाणीचा काहीएक संबंध नव्हता. युद्धाला विरोध करणं म्हणजे जवानाला विरोध करणं नव्हे, हे मी त्याला माझ्या परीनं सांगितलं. त्याला ते पूर्ण पटलं असं वाटलं नाही. मात्र शेवटी मंडप उतरवायला तोच थांबला.

दिवसभराचं सूत कसंबसं एका गुंडीएवढं भरलं. त्यात काकांचा हातभर जाडाभरडा धागाही आहे, गाठ मारून जोडलेला. दरवर्षी १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीच्या काठी गांधीजींना सूतांजली वाहतात, तिथे ती गुंडी दिली.

पुढच्या ६ ऑगस्टसाठी मी मंडळींना एक सूचना लिहून दिली आहे. हिरोशिमाबरोबर सोनेगावच्या स्फोटात गेलेल्या मजुरांची नावंही मंडपात मोठ्यानं वाचावीत, पण त्यांच्या घरी जाऊन, विचारून, ते हो म्हणाले तरच. देवळी तालुक्यातल्या त्या घरांपर्यंत जायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. जाताना टकळी बरोबर नेईन.